चाळीस दिवसांचा पेशवा आणि बारा भावांचं कारस्थान

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दहा-बारा मुलं जमतात. वयं अकरा ते पंधरा. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मालिका ही मंडळी खारे शेंगदाणे संपवावेत तशी संपवतात. एक भाग हातावेगळा व्हायच्या आत पुढच्यासाठी कपाटाशी ढकलाढकली सुरू होते. त्यांच्यातल्या सातवीच्या एका मुलीनं एकदा सरळ सांगून टाकलं, "लढाईची पानं मी दोनदा वाचते. पण मध्येच सगळे मोठे लोक दिवाणखान्यात बसून हळू आवाजात बोलायला लागतात ना, ती पानं सोडून देते. कारस्थान, कारस्थान म्हणतात, पण करतात काय नेमकं?"

मी काहीतरी परीक्षेतल्या उत्तरासारखं बोललो. तिनं मान डोलावली, म्हणजे तिला काहीही कळलं नव्हतं.

मग ठरवलं की व्याख्या पुरे, एक खरं कारस्थान घेऊ आणि ते सुटं करून बघू. घड्याळजी मागचं झाकण उघडून एकेक चाक ओट्यावर मांडतो, तसं. निवड सोपी होती. मराठीत कारस्थान म्हटलं की पहिलं नाव येतं बारभाईंचं, म्हणजे एका पेशव्याच्या खुनानंतर एकत्र येऊन कारभार हाती घेणाऱ्या पुण्यातल्या कारभाऱ्यांचं. पुढचे पाच शनिवार आम्ही एकच खेळ खेळलो: बारभाईंवर मुलांसाठी चार-पाच भागांची मालिका लिहायची, तर कुठे सुरुवात करायची, कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, आणि दिवाणखान्यातलं ते हळू आवाजातलं बोलणं कंटाळा न येता कसं समजावायचं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

आधी थोडी माणसं, पटकन. नानासाहेब पेशव्यांना तीन मुलगे. थोरला विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडला. मधला माधवराव पेशवा झाला, त्यानं राज्य सावरलं आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयानं गेला. उरला धाकटा नारायणराव, तेव्हा सतरा वर्षांचा. तो पेशवा झाला. या तिघांचा काका म्हणजे नानासाहेबांचा भाऊ रघुनाथराव, लोकांच्या तोंडी राघोबादादा. हा कुणी ऐरागैरा नव्हे. आपण आजही 'अटकेपार झेंडे' म्हणतो ते याच्या १७५८ च्या मोहिमेमुळे. इतका पराक्रमी माणूस, पण गादीवर कायम पुतणे. माधवरावाशी तो लढला, हरला, शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. नारायणरावाच्या काळात, एप्रिल १७७३ मध्ये, पुन्हा कैदेत गेला. त्याच वाड्यात, ज्यात पुतण्या राहत होता.

मुलांनी इथेच मालिकेतली पहिली चूक पकडली. "शत्रूला स्वतःच्याच घरात कोंडायचं?" हो. कारण तो घरचाच होता, आणि घरच्या वडीलधाऱ्याला दूरच्या गडावर डांबलं तर चार लोक नावं ठेवतात. पेशव्यांचं राजकारण समजून घेताना हे विसरून चालत नाही की ते एका एकत्र कुटुंबाचंही राजकारण होतं. जेवणाची पंगत एक, देवघर एक, आणि मध्ये पहारा.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. तुंबलेला पगार मागायचं निमित्त करून गारदी, म्हणजे पेशव्यांच्या पदरचे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले. सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. नारायणराव धावत काकाच्या दालनात गेला. 'काका, मला वाचवा' ही हाक आपल्याकडे इतक्या पिढ्या सांगितली जाते की ती खरी की रचलेली हे विचारायचंही कुणाच्या मनात येत नाही. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासोबत मारला गेला. वाड्यातली आणखीही माणसं त्या धुमाळीत गेली.

आता 'ध चा मा'. गारद्यांना दिलेल्या पत्रात 'नारायणरावास धरावे' असं होतं, राघोबादादांची बायको आनंदीबाईनं 'ध' खोडून 'मा' केला आणि 'मारावे' झालं, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला तिसरी-चौथीतच कुणीतरी सांगितलेली असते. मोठ्या माणसांना ती आवडते, कारण ती आटोपशीर आहे. एक अक्षर, एक बाई, प्रकरण मिटलं. मला मात्र ती मुलांच्या मालिकेसाठी अडचणीची वाटते. आनंदीबाईचा हात किती होता यावर इतिहासकारांत एकमत नाही. आणि समजा होता, तरी एका अक्षरावर सगळं ढकललं की गारद्यांना पैसे कुणी कबूल केले, पहारा कुणी ढिला केला, कुणाला आधी माहीत होतं आणि कोण गप्प बसलं, हे सगळे प्रश्न बुजतात. कारस्थान तर त्या प्रश्नांतच असतं. आमच्या मालिकेत 'ध चा मा' येईल, पण बाजारातली दोन माणसं एकमेकांना सांगताहेत अशी.

त्यापेक्षा मला एक दुसरी, लहानशी गोष्ट जास्त कामाची वाटते. असं सांगतात की त्याच दिवशी नारायणरावाला कटाची कुणकुण लागली होती आणि त्यानं हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांनी ते फार मनावर घेतलं नाही, ते जेवायला गेले. हेच हरिपंत पुढे बारभाईंच्या फौजेचे सेनापती झाले आणि राघोबादादांच्या पाठीवर वर्षभर दौडत राहिले. हे सांगितल्यावर खोलीत एकदम शांतता झाली. मग मागून एकजण म्हणाला, "ते जेवण त्यांना आयुष्यभर आठवलं असणार." कादंबरीत पात्र असंच उभं राहतं. इतिहास सांगतो तो जेवायला गेला. ते त्याला टोचलं की नाही, हे लेखकानं ठरवायचं.

खून झाला आणि राघोबादादा जिंकले. मुलांना वाटलं गोष्ट संपली. मी फळ्यावर पाच चौकोन काढले. वस्त्रं, शिक्का, पैसा, फौज, वारस. म्हटलं, यापुढे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुठला चौकोन कुणाच्या हातात आहे ते भरायचं. दिवाणखान्यातलं बोलणं कितीही लांबलं तरी ते या पाचांपैकी एखादा चौकोन इकडचा तिकडे करण्यासाठीच चाललेलं असतं. हे एकदा कळलं की ती पानं सोडावीशी वाटत नाहीत.

वस्त्रं म्हणजे काय? पेशवा हा राजा नव्हे. तो छत्रपतींचा मुख्य प्रधान. राजा साताऱ्याला, कारभार पुण्याला. बाप गेला की मुलगा पेशवा होई हे अंगवळणी पडलं होतं, पण नेमणूक म्हणून साताऱ्याहून मानाची वस्त्रं यावी लागत. पेशव्यांच्या शिक्क्यावरसुद्धा आधी छत्रपतींचं नाव, मग आपलं. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर रामराजे होते. त्यांच्या हातात सत्ता फारशी नव्हती, पण त्यांच्या वस्त्रांवाचून पुण्यात कुणाचं पान हलत नव्हतं. एका मुलानं विचारलं, "म्हणजे सहीसारखं?" अगदी. ज्याच्याकडे काम काहीच नाही पण सही ज्याचीच लागते, असा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो.

राघोबादादांनी माणसं साताऱ्याला धाडली आणि ऑक्टोबर १७७३ मध्ये वस्त्रं मिळवली. वस्त्रं त्यांची, शिक्का त्यांचा, वाडा आणि खजिना त्यांचा, फौज त्यांची. चार चौकोन भरले. पाचवा? नारायणरावाला मूल नव्हतं. राघोबादादांना वाटलं पाचवाही आपलाच.

इथे रामशास्त्री प्रभुणे येतात. न्यायाधीश. त्यांनी चौकशी केली, दोष राघोबादादांवर ठेवला, या पापाला देहांत प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. हा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, आणि लेखक मंडळी तो फार रंगवतात. मुलांना मी एवढंच विचारलं की शास्त्र्यांच्या बोलण्यानं कुठला चौकोन हलला? त्यांनी फळ्याकडे पाहिलं. एकही नाही. फौज जागच्या जागी, खजिना जागच्या जागी. पण मग आठवीतला एकजण म्हणाला, "सहावा चौकोन काढा. लोक काय म्हणतात तो." काढला. तो मला सुचायला हवा होता.

आता खरं काम. आणि ते करणारा माणूस तलवारीचा नाही, वहीचा.

बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणीस. खुनाच्या वेळी वय एकतीस. पानिपतावरून जीव वाचवून परतलेला. फडणीस हा शब्दच बघा: फर्द म्हणजे कागद, नवीस म्हणजे लिहिणारा. सरकारी जमाखर्चाचे कागद याच्या फडात. कुठल्या सरदाराला कुठला सरंजाम आहे, कुणाची किती बाकी तुंबली आहे, कुणावर सावकाराचं किती ओझं आहे, हे ज्याच्या वहीत आहे त्याला कोण कधी फुटेल याचा अंदाज बसल्या जागी येतो. 'कारकुंडा' म्हणून आपण ज्याला हिणवतो, तो पेशवाईत किती वजनदार माणूस होता हे मुलांना दाखवायची ही चांगली संधी आहे.

नानांच्या जोडीला, किंबहुना सुरुवातीला नानांच्या पुढे, सखारामबापू बोकील. वयानं मोठे, मुरलेले, आणि मजा म्हणजे पूर्वी राघोबादादांच्याच पक्षातले. त्या काळी साडेतीन शहाणे गाजले होते: सखारामबापू, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर, हे तीन पूर्ण. नाना अर्धे, कारण अक्कल भरपूर पण रणांगणाशी फारसं नातं नाही. त्यांच्याबरोबर त्रिंबकराव पेठे ऊर्फ त्रिंबकमामा, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस, पटवर्धन, रास्ते असे बरेच. बाराच का? याद्या वेगवेगळ्या सापडतात, त्यामुळे मोजत बसू नये. बारभाई म्हणजे 'पुष्कळ जणांचा मिळून कारभार'. आणि मराठीत अशा कारभाराची ख्याती काही बरी नाही. बारभाईची खेती, काय लागेल हाती! शेतीत जे जमत नाही ते या मंडळींना राजकारणात जमवायचं होतं.

पहिली अडचण अशी की हे सगळे राघोबादादांबरोबर मोहिमेवर होते. दादा निजामाच्या रोखानं निघाले होते आणि कारभाऱ्यांना बरोबर घेऊन निघाले होते. छावणीतून पळून गेलं तर बंड उघड होणार. मग काय करायचं? या ठिकाणी मुलांनी सुचवलेले उपाय फार शूर होते. वेषांतर, भुयार, रात्री दोरखंड. प्रत्यक्षात काय झालं? कुणाची प्रकृती बिघडली. कुणाला घरचं काम निघालं. एकेक करून परवानगी घेऊन, रीतसर, दिवसाढवळ्या मंडळी पुण्याला परतली. शाळेत पोटदुखीची चिठ्ठी द्यावी तसं. मुलं हसून हसून लोळली, आणि माझ्या मते त्या क्षणी त्यांना कारस्थान कळलं. बाहेरून बघणाऱ्याला काही घडतंय असं वाटतच नाही, पण महिन्याभरात छावणीतलं अर्धं डोकं रिकामं झालेलं असतं.

आणि परतायची घाई कशाला होती? कारण सहा चौकोनांतला पाचवा पुण्यातच, शनिवारवाड्यात, वाढत होता. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती.

तारखांचा हिशेब केला तर खुनाच्या वेळी दिवस गेल्याला जेमतेम दीड महिना झालेला असणार. म्हणजे गारदी घुसले तेव्हा वाड्यात ते कुणाच्या लक्षात असण्याचा संभव कमीच. काही आठवड्यांनी बायकांना कळलं असेल, मग एखाद्या कुणबिणीला, मग सुईणीला, मग कुणीतरी ते नानांच्या कानावर घातलं असेल. इतिहासाच्या पुस्तकात या साखळीवर एक ओळही नसते, कारण कागद पुरुष लिहीत होते. मालिकेचा दुसरा भाग मी पूर्णच्या पूर्ण इथे ठेवीन. एक तेरा-चौदा वर्षांची कुणबीण, तिला एक बातमी कळली आहे, आणि ती कुणाला सांगायची यावर राज्य फिरणार आहे. ती कोण, हे मुलांना नीट सांगावं: कुणबीण म्हणजे पगारी मोलकरीण नव्हे. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. अकरा वर्षांच्या वाचकाला हे झेपतं. त्याच्यापासून लपवलं तर वाडा नुसता झुंबरांचा आणि पैठण्यांचा होतो.

जानेवारी १७७४ मध्ये बारभाईंनी गंगाबाईला पुण्यातून हलवून पुरंदरावर नेलं. बरोबर पार्वतीबाई, पानिपतावर गेलेल्या सदाशिवराव भाऊंची पत्नी. भाऊ मेले हे तिनं कधी मानलंच नाही, असं सांगतात. पुण्याहून सासवडमार्गे चाळीसेक किलोमीटर, मग चढण. गरोदर बाईची पालखी, वर पार्वतीबाईसारखी मोठी बाई सोबत, मागे-पुढे विश्वासातले स्वार. आज पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे. तिथली वाट चढताना मला नेहमी भोयांची आठवण येते. त्यांना खांद्यावर काय वाहतो आहोत याची कल्पना असेल का?

पुरंदरच का? उंच, बळकट, पुण्यापासून जवळ, आणि शेजारी सासवडला पुरंदऱ्यांसारखं जुनं घराणं. शिवाय या गडावर १६५७ मध्ये संभाजी महाराजांचा जन्म झालेला. त्या काळच्या माणसांना हा शकुन वाटला असेल तर नवल नाही, पण हे माझं मत.

आणि मग बारभाईंनी जी गोष्ट केली ती समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांनी गंगाबाईच्या नावानं कारभार सुरू केला. राघोबादादा पेशवे नाहीत असं ठरवलं आणि आज्ञा गडावरून सुटू लागल्या. म्हणजे ज्याच्या नावानं राज्य चाललं आहे तो अजून जन्मलेला नाही. तो मुलगा आहे की मुलगी हेही माहीत नाही. जगेल की नाही ठाऊक नाही. एवढ्याशा भरवशावर सरदारांना पत्रं जात आहेत: तुम्ही आमच्या बाजूनं या.

"मुलगी झाली असती तर?"

हा प्रश्न मुलींनीच विचारला आणि तिघींनी एकदम विचारला. दत्तकाची वाट होती, पण ती काट्याकुट्यांची. त्या दत्तकाला राघोबादादांनी कधीच मानलं नसतं, आणि साताऱ्याहून वस्त्रं आणणं अवघड झालं असतं. म्हणून मग कुजबुज उठली की गडावर त्याच सुमाराला बाळंत होणाऱ्या दुसऱ्याही काही ब्राह्मण बायका नेऊन ठेवल्या आहेत. ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही कुजबुज नोंदवली आहे. तिला पुरावा म्हणून किंमत नाही. राघोबादादांच्या पक्षाला असली शंका हवीच होती. पोर खोटं ठरलं की खेळ त्यांचा. पण मालिकेच्या लेखकाला ही कुजबुज सोन्यासारखी. खरी मानू नये, पात्रांच्या तोंडी मात्र जरूर घालावी, आणि प्रत्येकजण ती वेगळ्या हेतूनं सांगतो आहे हे दाखवावं. अफवा कोण पसरवतो आणि कुणाच्या फायद्याची, हे शोधायला शिकवणारं एक प्रकरण दहा धड्यांच्या तोलाचं होतं. मोबाइलवर रोज पंचवीस निरोप पुढे ढकलणाऱ्या पिढीला तर ते पटकन कळतं.

महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर काय करत होते? तळ्यात-मळ्यात. दोन्हीकडे बोलणी चालू, पक्का शब्द कुणालाच नाही. मुलांना हे आवडलं नाही, महादजी त्यांचा लाडका. पण ज्याच्या पदरी मोठी फौज आहे त्यानं घाई का करावी? त्याची किंमत वाट बघण्यानं वाढत होती.

मार्चमध्ये बारभाईंना जबर तडाखा बसला. पंढरपूरजवळ कासेगावला राघोबादादांनी त्रिंबकमामांना गाठलं. मामा जखमी होऊन पडले आणि गेले. दादा लढवय्ये होतेच. त्या घडीला ते थेट पुरंदरावर आले असते तर? आले नाहीत. पैसा संपत आला होता, हरिपंतांची आणि निजाम-भोसल्यांची फौज अंगावर येत होती. ते उत्तरेकडे, बऱ्हाणपूरच्या दिशेनं निघाले. इकडे बारभाई देव पाण्यात घालून बसले.

१८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर मुलगा झाला.

नाव ठेवलं काकाचं, माधवराव, आणि पुढे सवाई लागलं. सवाई म्हणजे सव्वा, मूळ माधवरावापेक्षा पावभर जास्त. साडेतीन शहाणे, बारभाई, सवाई माधवराव; ही पिढी माणसांना आकड्यांत मोजत होती असं वाटतं. २८ मे ला साताऱ्याची वस्त्रं गडावर त्या बाळाला मिळाली. वय चाळीस दिवस. आठ महिन्यांच्या आत एकाच छत्रपतींनी दोन पेशव्यांना वस्त्रं दिली, आणि पहिला अजून जिवंत होता, फौजेसह होता.

आम्ही फळ्यावर चौकोन पुन्हा भरले. वस्त्रं: बाळ. शिक्का: बाळाच्या नावाचा, हात नानांचा आणि बापूंचा. पैसा: हळूहळू इकडे. वारस: बाळ. लोक काय म्हणतात: बाळ, एकमुखानं. फौज तेवढी अर्धी-अर्धी. ज्याच्या नावावर इतकं सगळं झालं तो त्या वेळी मानही धरत नव्हता. मुलांना हे जाम आवडलं. एकानं मालिकेतलं एक प्रकरण बाळाच्याच तोंडून लिहून आणलं. त्यात पेशव्यांना वस्त्रांपेक्षा भूक जास्त लागली होती.

पुढचा भाग इंग्रजांचा, आणि इथे बहुतेक कादंबऱ्या एकदम चढ्या सुरात जातात. त्याऐवजी कागदच वाचावेत. मुंबईकर इंग्रजांना साष्टी, म्हणजे मुंबईलगतचं बेट, आणि वसई हवी होती, कित्येक वर्षांपासून. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. राघोबादादांना फौज हवी होती. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला: इंग्रजांनी अडीच हजारांची फौज द्यायची, दादांनी तिचा खर्च सोसायचा, साष्टी-वसई सोडायची, आणि तारण म्हणून जडजवाहीर ठेवायचं. अटकेपर्यंत गेलेला माणूस दागिने गहाण ठेवतो आहे, हे एक दृश्य पुरे. त्यावर भाष्य करायची गरज नाही.

आणि मग गंमत. कलकत्त्याच्या इंग्रजांनी मुंबईच्या इंग्रजांना झापलं. विलायतेत १७७३ साली झालेल्या कायद्यानं युद्ध-तहाच्या बाबतीत मुंबईवर कलकत्त्याचा वचक बसला होता, आणि मुंबईनं न विचारता तह करून टाकला होता. कलकत्त्यानं आपला माणूस, कर्नल अप्टन, धाडला आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरावर नवा तह केला. मुंबईकरांना तो मानवला नाही. म्हणजे बारभाई तिकडेही होतेच! नानांनी ही फट बरोबर हेरली आणि वर्षानुवर्षं तिच्यात पाचर मारत राहिले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला मान तुकवावी लागली, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, राघोबादादांचा दावा संपला. १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी ते वारले. चौथ्या भागात हे सगळं दोन-तीन प्रकरणांत उरकावं, नाहीतर मालिका तहांच्या कलमांखाली गुदमरते.

बारभाईंचं पुढे काय झालं, हे मात्र मुलांना सांगायलाच हवं. कादंबऱ्या विजयाच्या मिरवणुकीवर संपतात. इथे काही वर्षांत भावांनीच एकमेकांची मुंडी पिरगाळायला घेतली. १७७८ मध्ये मोरोबा फडणीसानं, नानांच्या चुलतभावानं, उलटं कारस्थान केलं. त्यात संशय सखारामबापूंवरही आला. नानांनी त्यांना कैद केलं. साडेतिनातला पूर्ण शहाणा १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच मेला, आणि अर्धा शहाणा राज्य करत राहिला. "म्हणजे नाना चांगले की वाईट?" असं विचारून मुलांनी मला पेचात पकडलं. मी म्हटलं, चौकोन बघा आणि तुम्ही सांगा. दोन गट पडले, वाचनालयाच्या बाईंनी दिवे घालवले तरी मिटलं नाही.

थोडं भाषेबद्दल. मुलांसाठी लिहिणारे लेखक घाबरून एकतर सगळं आजच्या बोलीत आणतात, नाहीतर प्रत्येक वाक्याला 'जी हुजूर' लावतात. मधली वाट आहे. मसलत, फितूर, खलिता, जासूद, सरंजाम, चौकी हे शब्द ठेवावेत. संदर्भानं ते कळतात. 'राजकारण' हा शब्द तर मुद्दाम उलगडून दाखवावा. जुन्या पत्रांत त्याचा अर्थ बऱ्याचदा गुप्त बोलणी, सूत जुळवणं असाच आहे. आज आपण तो टीव्हीवरच्या भांडणांना वापरतो. आणि पात्रांनी एकमेकांना हाक मारताना नाती सोडू नयेत. दादासाहेब, बापू, नाना, मामा, वहिनी. ज्याला 'काका' म्हणतो त्याच्याविरुद्ध फौज धाडायची, हा ताण त्या एका हाकेत असतो.

डोळे कुणाचे, यावर आमचं शेवटी तिघांवर जमलं. वाड्यातली कुणबीण, नानांच्या फडात टाक धरायला शिकणारा उमेदवार पोरगा, आणि दोन्ही छावण्यांत पत्रं पोचवणारा जासूद. कुणबिणीला बातमी आधी कळते पण तिचा अर्थ कळत नाही. उमेदवार अर्थ लावू शकतो पण त्यानं तोंड उघडायचं नसतं. जासुदाच्या हातात पत्र असतं, वाचता येत नाही. तिघं भेटली तरच गोष्ट पूर्ण होते, म्हणून वाचकाला ती भेटावीत असं वाटत राहतं.

शेवटच्या भागावर मात्र मतभेद राहिले. बहुतेकांना मालिका २८ मे १७७४ लाच संपवायची होती, गडावर नौबत वाजते तिथे. सातवीतल्या त्या मुलीनं हरकत घेतली. तिनं दरम्यान घरी जाऊन बरंच वाचलं होतं. ती म्हणाली, एक पाळणा पुरंदरावर होता हे सगळे सांगतात, दुसरा कुणी सांगतच नाही. जानेवारी १७७५ मध्ये, राघोबादादा फौजा घेऊन वणवण करत असताना, धारला आनंदीबाईला मुलगा झाला होता. बाजीराव.

सवाई माधवराव वाढला नानांच्या करड्या नजरेखाली. त्याला जनावरांचा फार नाद, हरणं पाळायचा. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जातून तो खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. वय एकवीस. मूल नव्हतं. सगळे चौकोन पुन्हा रिकामे. पुढचे तेरा महिने पुन्हा मसलती, पुन्हा दत्तक, पुन्हा पत्रं, महाडला बसून नानांनी जुळवलेली आणखी काही सूत्रं. डिसेंबर १७९६ मध्ये साताऱ्याची वस्त्रं आली ती धारच्या त्या पाळण्यातल्या मुलाला. कारभार पाहायला नाना फडणीसच होते.